दमानं घे, दादा

आमचा दादा सह्याद्रीतला माणूस आहे. म्हणजे राहतो डोंबिवलीलाच, आमच्यापासून दोन स्टेशनं, पण वीस वर्षं दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या गडावर असतो, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने चढलाय, राजगड-तोरणा एका दिवसात केलाय आणि हे दोन्ही किस्से आमच्या घरात कुणालाही अर्ध्या झोपेतून उठवलं तरी पाठ आहेत. त्यामुळे मी आणि भाचीने (दादाची लेक, सेकंड इयरला आहे) हामटा पास (हिमाचलातला एका खिंडीचा ट्रेक) ठरवला तेव्हा त्याला विचारायची पद्धत म्हणून विचारलं, तर म्हणाला, "चौदा हजार फूट ना? म्हणजे अडीच कळसूबाई एकावर एक. येतो की." कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. गणित बरोबर होतं. बाकीचं चुकलं, ते पुढे येईलच.

मी स्वतः काही ट्रेकर वगैरे नाही, वय ४३, बैठी नोकरी, गुडघ्यांचं आणि माझं बरं चाललंय एवढंच. हिमालयात पहिल्यांदा जायचं असेल तर कुठला ट्रेक, असं जो तो विचारतो आणि उत्तरात दहापैकी सहा जण केदारकंठा म्हणतात, तो चांगलाच आहे, पण मला हामटा हवा होता कारण तो गोल फिरून परत त्याच गावात येत नाही. तुम्ही कुल्लूच्या खोऱ्यातून चढता आणि खिंड ओलांडून लाहौलमध्ये उतरता, आणि उतरता तिथे रस्ता असतो, त्या रस्त्याने गाडी करून थेट स्पितीला जाता येतं. म्हणजे चार दिवस पायी आणि मग आठवडाभर गाडीत बसून खिडकीतून बघायचं, माझ्यासारखीला एकदम परवडणारा हिशोब.

तयारी म्हणजे तीन महिने आधीपासून रोज बिल्डिंगचे सात मजले चढ-उतार, आधी चार वेळा, मग आठ, मग पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये पाच किलोची तांदळाची पिशवी. वॉचमन काका पहिल्या आठवड्यात विचारायचे लिफ्ट बंद आहे का. ट्रेकवाल्यांनी सांगितलं होतं की पाच किलोमीटर चाळीस मिनिटांच्या आत जमायला हवेत, मला निघायच्या आधी अडतीस मिनिटं लागत होती आणि त्यातली शेवटची पाच मी अक्षरशः देवाचं नाव घेत पळत होते. शूज मात्र दोन महिने आधी घेतले आणि बाजारात, बँकेत, एका साखरपुड्यातसुद्धा घालून गेले. जॅकेट, पोल, पोंचो सगळं मनालीत भाड्याने मिळतं, शूज तेवढे स्वतःचे आणि मुरलेले पाहिजेत. आमच्या बॅचमधल्या एकाने कोरे शूज आणले होते, दुसऱ्या दिवशी त्याच्या टाचा बघवत नव्हत्या.

तर मागच्या सप्टेंबरात मी आणि भाची दिल्लीहून रात्रीच्या व्होल्वोने मनालीला पोचलो, ट्रेकच्या दोन दिवस आधी. मुद्दाम. मनाली साधारण ६,७०० फुटांवर आहे, तिथे दोन रात्री काढल्या, हिडिंबेच्या देवळात जाऊन आलो, जुन्या मनालीत चढ-उतार केले, सिड्डू खाल्ला (आत अक्रोड-खसखशीचं सारण भरून वाफवलेला पाव, वरून तुपाची धार, मोदकाचा हिमाचली चुलतभाऊ म्हणा) आणि भरपूर पाणी प्यायलो. दादाला ऑफिसातून सुट्टी मिळाली नाही, त्यामुळे तो आदल्या दिवशी मुंबईहून विमानाने दिल्ली, तिथून रात्रभर व्होल्वो, सकाळी दहाला मनालीत उतरला, अंघोळ केली, परोठे हाणले आणि साडेअकराच्या गाडीने आमच्याबरोबर जोबराला निघाला. म्हणजे आदल्या दिवशी डोंबिवलीत समुद्रसपाटीवर होता आणि त्या रात्री चिकाला १०,१०० फुटांवर झोपला. आम्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, हे मी कबूल करते. तो दादा आहे ना, त्याला काय होणार.

जोबराचा रस्ता प्रिणी गावातून वर चढतो. प्रिणी म्हणजे जिथे अटलबिहारी वाजपेयींचं घर होतं ते गाव, ड्रायव्हरने गाडी न थांबवता हातानेच दाखवलं. तिथून नागमोडी वळणांची अशी रांग लागते की चाळिसाच्या आसपास मी मोजायचं सोडलं, हा रस्ता खरं म्हणजे अलाइन-दुहांगन जलविद्युत प्रकल्पामुळे झाला, नाहीतर हे सगळं पायीच चढावं लागलं असतं. जोबरापासून चिका दोन-अडीच तासांचं चालणं, देवदार, मॅपल, मग भूर्जाची झाडं. भूर्जपत्र मी पहिल्यांदाच झाडावर बघितलं, साल कागदासारखी आपोआप सुटते, गुलाबीसर. लीडरने बजावलं, पडलेली घ्या, ओढू नका.

आता हळू चालण्याबद्दल. आपल्याकडे गड चढताना सवय असते की दमेपर्यंत सपाटून चढायचं, मग कातळावर बसून लिंबू सरबत, परत सपाटून चढायचं. तिथे लीडर पहिल्याच दिवशी म्हणाला की बोलत चालता आलं पाहिजे, बोलताना धाप लागली तर तुम्ही जास्त वेगात आहात. मी आणि भाची तर बोलण्यात पटाईत, आम्हाला हा नियम फारच आवडला. दादाला मात्र मागच्या घोळक्यात चालणं म्हणजे शिक्षा वाटत होती. दुसऱ्या दिवशी चिका ते बालू का घेरा, राणी नाल्याच्या कडेकडेने, दोन्ही बाजूंना कडे, वरून धबधबे आणि खाली मेंढ्या. गद्दी धनगर उन्हाळ्यात कळप घेऊन हीच खिंड ओलांडून लाहौलच्या कुरणात जातात आणि सप्टेंबरात परत खाली उतरतात, आम्हाला समोरून दोन मोठे कळप भेटले आणि त्यांची वाट बघत आम्ही वीस मिनिटं दगडावर बसलो, काय सुंदर कुत्री त्यांची, गळ्यात लोखंडी काटेरी पट्टे, बिबट्याने मान धरू नये म्हणून. ज्वारा नावाच्या जागी नाला ओलांडायचा असतो, बूट काढून, पाणी असं गार की पहिल्या पाच पावलांत दुखतं आणि मग काहीच जाणवत नाही.

या सगळ्यात दादा कुठे होता? पुढे. बालू का घेराला तो आमच्या पाऊण तास आधी पोचला, तंबू लागत होते तिथे किचनच्या पोरांबरोबर क्रिकेट खेळला, बोलिंग टाकली म्हणे. पाण्याची बाटली जवळजवळ भरलेली. बालू का घेरा म्हणजे नदीने आणून टाकलेल्या वाळूचं गोल मैदान, ११,९०० फूट, सपाट, छान, समोर दुसऱ्या दिवशीची चढण दिसते. चार वाजता भजी आली, दादाने भजी घेतली नाहीत. तिथेच मला कळायला हवं होतं, कारण या माणसाने आयुष्यात भजीला नाही म्हटलेलं मी बघितलेलं नाही.

सहाला डोकं दुखतंय म्हणाला. सातला उलटी. ऑक्सिमीटर लावला तर माझं ८६, भाचीचं ८९, दादाचं ७४. लीडर पंचविशीतला पोरगा, पण त्याने ज्या शांतपणे सगळं हाताळलं ते बघून मला त्याच्या आईला जाऊन भेटावंसं वाटलं. तो म्हणाला आकडा एकटा बघत नाही मी, माणूस बघतो. दादाला उठवून सरळ रेषेत चालायला लावलं, टाचेला अंगठा लावत लावत, दहा पावलं. तोल गेला असता तर मेंदूला सूज यायची शक्यता, आणि मग रात्र असो की काही असो तेव्हाच खाली न्यायचं. दादा सरळ चालला. मग छातीला कान लावून श्वास ऐकला, खोकला आहे का विचारलं, थोडा वेळ ऑक्सिजन दिला, गोळी दिली, उशाकडची बाजू उंच केली, आणि दर दोन तासांनी तंबूत येऊन टॉर्च मारून बघत होता. निर्णय मात्र रात्री आठलाच दिला होता. "सर, सुबह नीचे."

दादा हुज्जत घालेल वाटलं होतं. घातली नाही, त्यावरूनच मला समजलं किती दुखत असेल.

हे जे होतं त्याला विरळ हवेचा आजार म्हणतात, सगळे एएमएस म्हणतात, आणि त्याचा तुमच्या स्टॅमिन्याशी फारसा संबंध नसतो, हे मला तिथे नीट समजलं. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण वरही एकवीस टक्केच, पण हवेचा दाबच कमी, चौदा हजार फुटांवर समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे प्रत्येक श्वासात कमी माल. शरीर त्याची सवय करून घेतं पण स्वतःच्या वेळापत्रकाने, श्वास वाढवतं, लघवी वाढवतं, रक्तात बदल करतं, त्याला दिवस लागतात. म्हणून दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात दीड हजार फुटांपेक्षा जास्त वाढवू नये असं सांगतात. दादाने एका दिवसात दहा हजार वाढवली आणि दुसऱ्या दिवशी वरून अठराशे, वर क्रिकेट. उलट जास्त फिट माणूसच जास्त अडकतो बऱ्याचदा, कारण त्याला वेगात जाता येतं. डायमॉक्सबद्दल (उंचीची सवय व्हायला मदत करणारी गोळी) सगळे विचारतात म्हणून सांगते, आम्ही दोघींनी आमच्या डॉक्टरांना विचारून आधीपासून घेतली होती, बोटांना मुंग्या येतात आणि रात्री तंबूच्या चेनशी झटापट वाढते, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरशी बोलल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि गोळी घेतली म्हणून वरती पळायचं लायसन्स मिळत नाही.

सकाळी सहाला दादा एका गाईडबरोबर खाली निघाला, सॅक खेचरावर. आदल्या रात्रीच ठरलं होतं की तो मनालीला जाऊन थांबेल, आणि तब्येत नीट झाली तरच, परवा आमच्यासाठी छत्रूला (पलीकडे लाहौलमध्ये, ट्रेक संपतो तिथे) येणारी गाडी बुक होती त्यात बसून अटल बोगद्यातून येईल, नाही झाली तर गाडी रिकामी येईल आणि आम्ही त्याच गाडीने परत मनालीला. जोबराच्या पुढे आमच्या फोनना रेंज नव्हती. म्हणजे दोन दिवस काहीच कळणार नव्हतं. भाची म्हणाली मीपण जाते बाबांबरोबर, तर दादाच म्हणाला, "तू जा वर. आत्याला एकटीला सोडू नकोस, ती बोलायला कोण नसलं की आजारी पडते."

खिंडीचा दिवस लांबच लांब. आम्ही पहाटे पाचला निघालो होतो म्हणजे दादा निघायच्याही आधी, त्याला तंबूतच झोपेत असताना भेटून. चढ तसा अंगावर येणारा नाही, पण सगळा मुरूम आणि घसारा, आणि प्रत्येक वेळी वाटतं की ती वरची धार म्हणजे खिंड, तिथे पोचलं की मागे आणखी एक धार. असं चार वेळा झालं. जूनमध्ये इथे बर्फच बर्फ असतो, बर्फावरून घसरत जायची मजा हवी असेल तर तेव्हा जावं, सप्टेंबरात कडेकडेला मळकट पट्टे उरलेले होते फक्त, पण आकाश असं धुतलेलं की इंद्रासन आणि देव टिब्बा दोन्ही पूर्ण दिसले, दोन्ही सहा हजार मीटरच्या वरचे. मी वीस पावलं मोजायचे, थांबायचे, पाच श्वास, परत वीस. भाची मागे चालत माझ्याबरोबर मोठ्याने मोजत होती, मराठीत, आणि पुढच्या बंगाली काकूंनी पण अकरापर्यंत मराठी आकडे शिकून घेतले.

आणि मग एकदम खिंड. चौदा हजार फूट, दगडांची रचलेली लगोरी, पताका, बोचरा वारा. बोर्डाजवळ फोटोला लाईन होती ती मी सोडून दिली आणि नुसती आळीपाळीने दोन्हीकडे बघत बसले. आलो ती बाजू हिरवी, ढग, गवत, ओलसर. जाणार ती बाजू तपकिरी, करडी, पिवळी, एक झाड नाही. मधे शंभर पावलांचं अंतर. ढग कुल्लूच्या बाजूने चढतात, तिथेच रिकामे होतात आणि पलीकडे कोरडी हवा जाते. आपल्याकडे महाबळेश्वरला धो धो कोसळतो आणि तिथून थोडं पूर्वेला गेलं की दहिवडी-म्हसवडला टँकर, शाळेत पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणून पाठ केलेलं सगळं, पण ते एसटीच्या चार तासांत हळूहळू बदलताना बघितलेलं. इथे मान वळवली की बदलत होतं. दादा असता तर दहा मिनिटांचं लेक्चर झालं असतं, आणि पहिल्यांदाच मला ते ऐकायचं होतं.

उतरण चढणीपेक्षा वाईट, हे कुणी आधी सांगत नाही. सुटे दगड, खडी धार, गुडघे बोलायला लागतात, पोल नसते तर मी बसून बसून उतरले असते. सियागोरूला पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते, उंची १२,९००, म्हणजे चौदाला जाऊन खाली झोपायचं, हेच बरोबर. थंडी कडाक्याची, रात्री तंबूच्या आतल्या बाजूला आमच्याच श्वासाचं दव गोठलं होतं. किचनमध्ये भात कुकरलाच लावतात कारण त्या उंचीवर पाणी ८६-८७ अंशालाच उकळतं, नुसत्या पातेल्यात डाळ दुपारपर्यंत शिजणार नाही. मी डब्यातलं मेतकूट काढलं, गरम भात, तूप, मेतकूट. बंगाली काकूंनी दोनदा मागून घेतलं आणि पावडरची रेसिपी लिहून घेतली.

बायकांसाठी एक गोष्ट, कारण मला कुणी सांगितली नव्हती. पाळी तिथे तारखेच्या आधीच येऊ शकते, माझी आली, बरोबर खिंडीच्या आदल्या रात्री. टॉयलेट टेंट म्हणजे खड्डा आणि शेजारी मातीचं फावडं, वापरलेले पॅड तिथे टाकायचे नाहीत, कागदात, काळ्या पिशवीत, झिपवाल्या पाकिटात बंद करून स्वतःच्या सॅकमधून खाली आणायचे. मी लाजत लाजत लीडरला सांगितलं तर त्याने गरम पाण्याची बाटली भरून दिली आणि विषय संपवला.

चौथ्या दिवशी सकाळी सातला सियागोरूची नदी ओलांडली, ज्वाराच्या दुप्पट गार, आणि मग उतरत उतरत चंद्रा नदीचं खोरं उघडलं. पुलावरून पलीकडे छत्रू, चार ढाबे, धूळ, आणि एका ढाब्याबाहेर खुर्चीत बसून राजमा-चावल खाणारा माणूस. भाची पळाली. अकरा हजार फुटांवर पळू नये हे सगळं विसरून.

दादाची डोकेदुखी म्हणे जोबराला पोचेपर्यंतच निम्मी झाली होती आणि मनालीत झोपून उठला तोवर गायब. खाली उतरणं हेच औषध, लीडर म्हणत होता ते तंतोतंत. येताना तो अटल बोगद्यातून आला, ९.०२ किलोमीटर, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेला. पूर्वी रोहतांगच्या तेरा हजार फुटांवरून जावं लागायचं ते आता खालून दहा मिनिटांत. सोय मोठी आहे, लाहौलच्या लोकांना तर हिवाळ्यात सहा-सहा महिने अडकून पडायला लागायचं ते संपलं. पण माझं मत सांगू का, नवख्या माणसाने मनालीहून गाडीत बसून बोगद्यातून त्याच दिवशी थेट चंद्रतालला (स्पितीच्या वाटेवरचं उंचावरचं तळं) मुक्कामाला जाऊ नये. सकाळी ६,७००, रात्री १४,०००. दादाने जे दोन दिवसांत केलं ते तुम्ही एका दिवसात करता आणि तेसुद्धा सीटवर बसून, त्यामुळे कळत पण नाही. नुसता रोड ट्रिप करायचा असेल तर शिमला-किन्नौरकडून चढत जावं, उंची हळूहळू वाढते, आणि मनालीकडून उतरावं.

आमचं चंद्रतालच्या कॅम्पचं बुकिंग होतं. ते रद्द केलं, ॲडव्हान्स गेला, भाची तारे बघायला दोन वर्षं वाट बघत होती, ती दिवसभर फुगून बसली. पण दादाला छत्रूच्या अकरा हजारांवरून चौदाला झोपवायचं नाही यावर मी आणि ड्रायव्हर भैया दोघेही ठाम होतो. त्या रात्री छत्रूलाच राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघून चंद्रताल नुसता बघून, कुंझुमची खिंड ओलांडून, स्पितीतल्या काझाला झोपायचं ठरलं, काझा १२,००० ला. दिवस मोठा झाला, पण हरकत नाही.

छत्रू ते बातल या तीसेक किलोमीटरला आम्हाला पावणेतीन तास लागले. याला रस्ता का म्हणतात ते मला विचारू नका. मधेच नाला रस्त्यावरून वाहत असतो, दुपारी बर्फ वितळला की पाणी चढतं म्हणून सकाळीच पार करायचा. बाजूने चंद्रा, करड्या पाण्याची, आणि पलीकडे बडा शिग्री हिमनदीचं तोंड. ही चंद्रा पुढे तांदीला भागा नदीला मिळते आणि दोघींची चंद्रभागा होते, तीच पुढे चिनाब. हे ऐकून दादा गाडीतून उतरला, काठावर गेला आणि ओंजळभर पाणी डोक्याला लावून आला. मी म्हटलं अरे पंढरपूरची ती वेगळी, ती भीमा, अर्धचंद्रासारखं वळण घेते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. म्हणाला, "माहितीये. आईला सांगायला बरं."

चंद्रतालला आता तळ्याच्या काठावर तंबू लावू देत नाहीत, कॅम्प तीनेक किलोमीटर अलीकडे, गाडी पण आधीच थांबवायची आणि शेवटचं चालत. २००५ मध्ये ते रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची जागतिक यादी) गेलं. आम्ही दहा वाजता पोचलो, वारा पडलेला होता, आणि पाण्याचा रंग दर दहा मिनिटांनी बदलत होता, मी वर्णन करत नाही, फोटो सगळ्यांनी बघितलेत आणि फोटोत आहे तसंच आहे. २०२३ च्या जुलैत इथे अवेळी बर्फ पडून अडीचशेहून जास्त लोक अडकले होते, म्हणून जुलै-ऑगस्टच्या फंदात पडू नका, दरडीही तेव्हाच पडतात. भाचीचा राग तळ्याला एक फेरी मारून झाल्यावर गेला. दादा फेरीला आला नाही, दगडावर बसून पाणी पीत राहिला, घोट घोट, घड्याळ लावल्यासारखा.

कुंझुमला देवीच्या देवळाला गाडीसकट प्रदक्षिणा घालतात, सगळेच, ट्रकवालेसुद्धा. पलीकडे स्पिती, लोसरची मटारची शेतं, आणि मग काझापर्यंत असं रुंद, उघडं खोरं की डोळ्यांना अंतराचा अंदाजच येत नाही.

काझाला तीन रात्री राहिलो. की गोंपा (गोंपा म्हणजे बौद्ध मठ), किब्बर, चिचमचा पूल, जिथे पूल व्हायच्या आधी लोक दोरावरच्या पाळण्यात बसून दरी ओलांडायचे. लांगझात लहान मुलं खिशातून दगड काढून दाखवतात, आत गोगलगायीसारखी वळणं, शंखासारखा आकार, कधी काळी इथे टेथिस समुद्र होता त्याची खूण. दादाने बघताक्षणी ओळखलं, आपल्या देवघरातला शाळीग्राम, तो गंडकीतला, पण वंश हाच. विकत घेतला नाही, घेऊ नयेच, सगळेच घेत सुटले तर डोंगरात काय राहणार. ताबोला मातीच्या भिंतींचा गोंपा, इसवी सन ९९६ चा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आधी जवळजवळ तीनशे वर्षं, आत फोटो काढायला बंदी, बॅटरीच्या उजेडात भिंतीवरचे निळे-लाल रंग अजून ओले वाटतात. मला संपूर्ण प्रवासात सगळ्यात जास्त काय आवडलं विचाराल तर तो अंधार. धनकर, काल्पा, मग शिमला, कालका, घर. खर्च शूज सोडून माणशी पस्तीस हजारांच्या आसपास झाला, दादाचा चाळीस, खेचर आणि मनालीचं हॉटेल धरून.

हिक्कीमचं राहिलं. १४,५०० फुटांच्या जवळपासचं पोस्ट ऑफिस, जगातलं सगळ्यात उंच म्हणून प्रसिद्ध, १९८३ पासून चालू. तिथून सगळे घरी पोस्टकार्ड पाठवतात, आम्हीही पाठवलं. डोंबिवलीला आईला. आईला दादाच्या आजारपणाचं काहीही सांगायचं नाही असं आमचं तिघांचं काझालाच ठरलं होतं, फोनवर सगळ्यांनी एकच पाठ म्हटला, सगळे खिंड चढलो, दादा सगळ्यात पुढे. दादाने कार्डावर विठ्ठल-रखुमाई आणि चंद्रभागेचं लिहिलं. मी हवामानाचं लिहिलं. भाचीने आपलं कार्ड कोपऱ्यात जाऊन, हाताने झाकून लिहिलं, आम्हाला वाटलं मित्राला वगैरे असेल, विचारलं नाही.

आम्ही घरी पोचल्यावर अठरा दिवसांनी आईचा सकाळी साडेसातला दादाला फोन गेला. तिन्ही कार्डं एकदम आली होती. दोन तिने वाचून बाजूला ठेवली होती. तिसऱ्यावर बारीक अक्षरात दोन्ही बाजूंनी लिहिलेलं होतं आणि सुरुवात होती, "आजी, बाबा क्रिकेट खेळले."